उजव्या पेटीतले डावे हाड

मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. कोल्हापुरातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागात तोंडी परीक्षा चालू होती. बाहेरगावहून आलेल्या परीक्षकांनी ट्रेमधून मला उचलले, समोर बसलेल्या मुलीच्या हातात दिले आणि विचारले, “हाड कोणतं? बाजू कोणती?”

माझ्या अंगावर काळ्या शाईने इंग्रजी ‘आर’ लिहिलेले आहे. आर म्हणजे राइट, उजवी बाजू. ते चूक आहे. मी डाव्या पायाचे आहे. त्या टेबलाशी हे दोघांनाच माहीत होते, मला आणि त्या मुलीला. मुलीचे नाव तेजस्वी. पहिल्या वर्षाच्या या परीक्षेला ती दुसऱ्यांदा बसली होती. या वेळी अडकली असती, तर तिच्या बरोबरीची मुले पुढच्या वर्षात राहिली असती आणि ती नव्या मुलांत मागे.

ती काय बोलली, ते सांगते म्हटले तरी सरळ सांगता येणार नाही. आधी माझी हकिकत सांगावी लागेल.

मित्रांनो, मी एक जुने हाड आहे. गुडघ्याखाली पायात दोन हाडे असतात. पुढचे जाड, ती नडगी. तिच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक, लांब हाड असते, ते मी. कॉलेजात मला फिब्युला म्हणतात. तुमच्या घोट्याची बाहेरची गाठ चाचपून पाहा, ते माझे खालचे टोक. शरीराचा भार बहुतेक नडगीच उचलते. माझ्याकडे फार थोडा येतो. माझे काम स्नायूंना धरायला जागा देण्याचे आणि घोटा बाहेरून सांभाळण्याचे. मी कधीच एकटे नसते. वरच्या टोकाला नडगी, खालच्या टोकाला नडगी, मधल्या सगळ्या लांबीत आमच्या दोघांमध्ये एक पातळ, चिवट पडदा. निदान असे असायला हवे.

मी ज्याच्या पायात होते, त्या माणसाचे नाव मला माहीत नाही. पुरुष की बाई, तेही मी खात्रीने सांगणार नाही. पायाच्या आत असताना हाडाला हाक ऐकू येत नाही. तेव्हा मला जे कळायचे ते पायाने केलेल्या कामातून. माझे माणूस खूप चालायचे. उकिडवे बसायचे. चढणीवर डावा पाय आधी टाकायचे. एकदा ते पडले आणि घोट्याच्या चार बोटे वर मी मोडले. मोडलेल्या जागी आधी रक्त साकळले, मग तिथे मऊ कूर्चा धरली, मग हळूहळू तिचे हाड झाले. त्या जागी अजून एक जाडसर गाठ आहे. कोणी तरी तेव्हा पाय नीट बांधला असणार, कारण मी सरळ सांधले गेले. माझ्या माणसाची काळजी करणारे कोणी होते, याचा माझ्याजवळ एवढाच पुरावा आहे.

पुढे ते माणूस गेले. त्याचा देह या विभागात कसा आला, दान म्हणून की बेवारस म्हणून, याची नोंद मी पाहिलेली नाही. विच्छेदनाच्या दालनात एका वर्षाच्या मुलांनी त्याच्यावर शिकून घेतले. शेवटी हाडे स्वच्छ करून वाळवली गेली आणि माळ्यावरच्या एका पत्र्याच्या खोक्यात गेली. त्या खोक्यात सुटी हाडे होती, अनेकांची. माझी नडगीही त्यात असावी. मी तळाशी होते. किती वर्षे, ते मोजायला तिथे काही नव्हते.

एकवीस वर्षांपूर्वी त्या खोक्यात एक हात आला.

हा हात राजवर्धन नावाच्या विद्यार्थ्याचा होता. इथे एक रीत समजून घ्यायला हवी. पहिल्या वर्षाच्या मुलाला अभ्यासासाठी हाडांची पेटी लागते. पेटीत अख्खा सांगाडा नसतो, शरीराच्या एकाच बाजूची हाडे असतात. वर्ष संपले की पेटी पुढच्या मुलाला द्यायची. ती विकायची नाही. देताना झाकणाच्या आत आपले नाव लिहायचे, आणि घेणाऱ्याने झाकणावर भडंगाचा पुडा ठेवायचा. दोघांनी तो तिथेच फस्त करायचा. आणखी एक नियम होता. पेटी पुरी द्यायची. एकही हाड कमी असता कामा नये.

राजवर्धनची पेटी उजव्या बाजूची होती आणि तिच्यातले माझ्या जागेचे हाड हरवले होते. कोणा मित्राला परीक्षेपुरते दिले, ते परत आलेच नाही. पेटी सोपवायला दोन दिवस उरले, तेव्हा तो माळ्यावर चढला. त्याने मला काढले, खाली विभागातल्या खिडकीशी नेले आणि उजेडात धरले.

त्याने मला उलटे धरले. माझे वरचे डोके त्याला घोट्याचे टोक वाटले. या हाडाच्या बाबतीत हे नेहमी घडते. दोन्ही टोके दिसायला सारखी, आणि हाड उलटे झाले की बाजूही उलटी होते. त्याच्या हातात मी उजवे दिसले. त्याने खिशातून पेन काढले आणि मधोमध ‘आर’ लिहिले. गैरहेतू नव्हता. नियम पाळायचा होता आणि घाई होती.

त्यानंतर मी एका परक्या नडगीजवळ राहिले. ती उजव्या पायाची. हाडे विस्कटू नयेत म्हणून मुले आम्हा दोघांना रबराने बांधायची. तिच्या खालच्या टोकाला एक खाच आहे, तिच्यात माझे टोक बसायला हवे. ते कधी बसले नाही. ती नडगी वाईट नव्हती. तिला तिचे माणूस आठवत होते, मला माझे. एकवीस वर्षे आम्ही एका रबरात राहिलो. बोलण्यासारखे काही निघाले नाही.

कौतुकाचे दिवसही आले, ते सांगायला हवेत. धैर्यशील नावाचा मुलगा वर्गात पहिला आला, तेव्हा ती पेटी नशिबाची म्हणून गाजली. पुढच्या वर्षी तिच्यासाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. माझ्या गाठीवर तर मुलांचा फार जीव. “हे बघ, जुनं फ्रॅक्चर. असलं कुठल्याच सेटमध्ये नाही,” असे म्हणून ती एकमेकांना दाखवायची. गाठ सगळ्यांनी पाहिली. बाजू कोणी पाहिली नाही. अक्षर होतेच, मग हाड कशाला पाहायचे? झाकणाच्या आत एकोणीस नावे झाली. एकोणीस जण परीक्षा पास झाले. त्यांनी मला हाती घेऊन मान डोलावत “उजवे” म्हटले.

मग प्लास्टिकची हाडे आली. हलकी, धुता येणारी, सगळी एका साच्यातली. प्रत्येकावर नाव आणि बाजू छापलेली. एकोणिसावे नाव अवंतिकाचे. तिच्यानंतर पेटी घ्यायला कोणी आले नाही. शाहूपुरीतल्या तिच्या घरात कपाटावर, जुन्या पंख्याच्या शेजारी, आम्ही दोन वर्षे पडून होतो. झाकण एकदाच उघडले, तेही पाहुण्यांसाठी सतरंजी शोधताना.

तेजस्वी पहिल्या परीक्षेत नापास झाली ती इथेच. ती छापील प्लास्टिकवर शिकली होती. परीक्षकांनी खरे, कोरे हाड हातात दिले आणि तिला काहीच सांगता आले नाही. मग तिने चौकशी करून अवंतिकाला गाठले. भडंगाचा पुडा आणला. दोघींनी तो उभ्याउभ्या खाल्ला आणि विसावे नाव लिहायची जागा मोकळी ठेवून पेटी तेजस्वीच्या घरी, उचगावला गेली.

तेजस्वीचे वडील कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला जातात. घरात वडिलांची थोरली बहीण आहे, बाळाबाई. तेजस्वी तिला आत्ती म्हणते. दोन म्हशी, दूध आणि घरातला शेवटचा शब्द ही तिन्ही खाती आत्तीकडे. पेटी उंबऱ्यापाशी आली तेव्हा ती आडवी उभी राहिली.

“काय हाय त्यात?”

“हाडं, आत्ती. अभ्यासाची.”

“माणसाची?”

“व्हय.”

“मग माणसासंगं तू बी भाईर. घरात न्हाई घ्यायचं. ही काय मसणवट हाय व्हय?”

“आत्ती, नापास झाले तर बघ हां.”

“गोठ्यात ठेव. म्हसरांस्नी काय कळत न्हाई.”

अशा रीतीने मी गोठ्यात राहायला गेले. कडब्याच्या पेंढ्यांशेजारी पेटी, पेटीवर पाट, पाटावर तेजस्वी. संध्याकाळी साडेपाचला आत्ती धार काढायला यायची. तेजस्वी एकेक हाड घेऊन मोठ्याने म्हणायची. आत्ती म्हशीच्या पोटाला डोके टेकून ऐकायची आणि मधेच टोमणा मारायची, “म्हस आटली तर तुझ्या विंग्रजीनं आटंल गं.”

महिनाभर आत्तीने पेटीला हात लावला नाही. एका संध्याकाळी तेजस्वी माझ्यावर आली. पुस्तकात होते: चपटे टोक खाली, त्याच्या आतल्या अंगाला गुळगुळीत त्रिकोणी जागा, त्या जागेच्या मागे खड्डा. ती मला फिरवत होती आणि काहीच जुळत नव्हते. चिडून म्हणाली, “उजवं लिहिलंय. मग खड्डा पुढं का येतोय?”

आत्तीने चरवी बाजूला ठेवली. “ह्ये मोडलेलं हाय की गं,” ती म्हणाली. “बग, गाठ. माझं बी हितंच मोडलंतं. त्या थोरल्या म्हशीनं लाथ हाणलीती.”

तिने पदराला हात पुसले आणि मला उचलले. एकवीस वर्षांत विद्यार्थी नसलेल्या माणसाने मला पहिल्यांदाच हातात घेतले. तिने तेजस्वीला न विचारता उजवा पाय पुढे केला, लुगडे वर सरकवले आणि मला घोट्याशी लावले. फिरवून पाहिले. नाक मुरडले. मग डावा पाय पुढे घेतला. तिथे तिचीही गाठ होती, घोट्याच्या चार बोटे वर. मी तिच्या पायाशी नीट टेकले. खड्डा टाचेकडे गेला. गुळगुळीत जागा आत वळली.

“ह्या पायाचं हाय ह्ये,” आत्ती म्हणाली. “त्या न्हाई.”

तेजस्वी वाकली. पुस्तक पाहिले, पाय पाहिला, पुन्हा पुस्तक पाहिले. “आत्ती, हे डावं आहे.”

“मी काय म्हणतोय मग?”

नंतर आत्तीने मला लगेच खाली ठेवले नाही. गाठीवरून अंगठा फिरवत विचारले, “कुणाचं असंल गं?”

मित्रांनो, हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. कोणते हाड, कोणती बाजू, कोणता स्नायू कुठे चिकटतो, हे शेकडो वेळा विचारले गेले. कोणाचे, हे नाही.

“पुस्तकात नसतं ते,” तेजस्वी म्हणाली.

“पुस्तकात कसं असंल? माणूस हाय की त्यो.”

दुसऱ्या दिवशी पेटी गोठ्यातून ओसरीवर आली. उंबऱ्याच्या आत मात्र नाही.

परीक्षेला आठ दिवस असताना विभागाने फलकावर सूचना लावली. विद्यार्थ्यांकडची खरी हाडे विभागात जमा करावीत, यापुढे ती बाहेर राहणार नाहीत. तेजस्वीने पेटी केएमटीच्या बसने नेली. शेजारच्या बाईने न विचारता पेटीवर मेथीच्या जुड्या ठेवल्या. बाई म्हणाली, “लई जड दिसतीय. सामान कुठल्या बाजारातनं आणलं?” तेजस्वी म्हणाली, “उजव्या बाजूचं हाय, मावशी.”

विभागात शिपाई आण्णा हाडे मांडतात. तीस वर्षे तेच मांडत आले आहेत. उजव्या बाजूचा ट्रे वेगळा, डाव्या बाजूचा वेगळा. माळ्यावरचे पत्र्याचे खोकेही त्याच आठवड्यात खाली आले आणि त्यातली हाडे दोन ट्रेंत वाटली गेली. तेजस्वीने मला काढून आण्णांना दाखवले.

“आण्णा, हे डावं आहे. अक्षर चुकलंय.”

आण्णांनी चष्मा वर केला. “बाई, तुमच्या आधी किती डॉक्टर झाले हेच्यावर?”

“एकोणीस.”

“त्या एकोणीस जणांस्नी दिसलं न्हाई, आन् तुमाला दिसलं? परीक्षेच्या तोंडावर वाद नको. लिवलंय तसं ठेवतो.”

त्यांनी मला परक्या नडगीला रबराने बांधले आणि उजव्या ट्रेमध्ये ठेवले. त्यांचाही दोष मी काढणार नाही. त्यांना दोनशे हाडे लावायची होती.

घरी तेजस्वीने हे आत्तीला सांगितले, आणि आत्तीचे उत्तर तिने दुसऱ्या दिवशी आण्णांना सांगितले, म्हणून मला ते कळले. आत्ती म्हणाली होती, “मग आलंच ते हाड तर लिवलंय तसं म्हण आन् पास हो बाई. हाडाला काय फरक पडतोय?”

आण्णा हसले. तेजस्वी हसली नाही.

फरक पडतो. पण ते आत्तीला मी कसे सांगणार होते?

आता मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटे.

परीक्षकांनी रबर काढले होते. तेजस्वीने मला दोन्ही हातांनी धरले. ती म्हणाली, “फिब्युला, सर.”

“बाजू?”

तिने माझ्या गाठीवर अंगठा फिरवला. किती वेळ, ते मला सांगता येईल, कारण भिंतीवर घड्याळ होते. अकरा सेकंद.

“डावी, सर.”

परीक्षकांनी पेनाच्या टोकाने माझ्यावरचे अक्षर दाखवले. “हे दिसतंय ना?”

“दिसतंय, सर.”

“मग?”

“हाड डावं आहे.”

शेजारी विभागाच्या डॉ. संयोगिता मॅडम बसल्या होत्या. त्यांनी कागदावरून मान वर केली. तेजस्वीने पुस्तकातली वाक्ये म्हणायला सुरुवात केली. तिसरे वाक्य तिने अर्धेच सोडले. मग तिने खुर्ची मागे सरकवली, चप्पल काढली, डावा पाय पुढे घेतला आणि मला स्वतःच्या घोट्याशी लावले. खड्डा टाचेकडे, गुळगुळीत जागा आत. मग उजव्या पायाशी लावून दाखवले. तिथे मी बसले नाही.

तोंडी परीक्षेत असे कोणी करत नाही. परीक्षक थोडे वाकून पाहत राहिले.

“हे कुठं शिकलीस?”

“गोठ्यात, सर.”

दाराशी उभ्या असलेल्या आण्णांना ठसका लागला. परीक्षक हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी मला तिच्या हातून घेतले, एकदा सुलटे आणि एकदा उलटे धरले, ट्रेमध्ये ठेवले आणि समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले. कागद माझ्यापासून दोन हात लांब होता. मला तो वाचता आला नाही. “पुढचे,” ते म्हणाले. तेजस्वी चप्पल हातात घेऊनच बाहेर गेली.

दुपारी आण्णांनी हाडे आवरली. सवयीने मला उजव्या नडगीजवळ नेले, रबर ताणले आणि तसेच थांबले. मग रबर नुसतेच मनगटात अडकवून मला सुटे ठेवले.

बुधवारी सकाळी संयोगिता मॅडम एकट्या आल्या. त्यांनी मला उचलून खिडकीशी नेले. तीच खिडकी, जिथे राजवर्धनने मला धरले होते. या वेळी मला घोट्याचे टोक खाली धरून पाहिले गेले. टेबलाच्या खणातून मॅडमनी पांढरी चिकटपट्टी काढली, एक तुकडा कापला आणि ‘आर’वर लावला. पट्टीवर नवे अक्षर लिहिणार, तेवढ्यात फोन आला आणि त्या गेल्या.

मित्रांनो, मी उपदेश करायच्या योग्यतेचे नाही. पण कोणाचीही वस्तू तुमच्या हाती आली, तर तिच्यावर काय लिहिले आहे ते वाचण्याआधी तिला एकदा नीट धरून पाहा. लिहिणारा घाईत असू शकतो. आणि धरले असेल, तर ती कोणाची, एवढे तरी विचारा. उत्तर मिळाले नाही तरी चालेल.

मी आता खिडकीच्या कट्ट्यावर आहे. डावीकडे एक ट्रे, उजवीकडे एक. काल आण्णांनी दारातून विचारले, “मॅडम, ह्ये कुठल्या ट्रेत टाकू?” मॅडम म्हणाल्या, “राहू दे तिथंच. बघते.”

डाव्या ट्रेमध्ये अकरा नडग्या आहेत. त्या माळ्यावरच्या खोक्यातून आलेल्या. त्यांपैकी एक माझी असेल किंवा नसेल. नुसते पाहून ते कळत नाही, टोकाला टोक लावावे लागते.

आज शनिवार, दुपारचे तीन वाजले आहेत. निकाल लागलेला नाही. तेजस्वी सकाळी फलक पाहून परत गेली. माझ्या अंगावरची पट्टी अजून कोरी आहे.